बाकी मान्य आहे

तत्त्वज्ञान सुचायला हिमालयात जावं लागतं असा एक समज आहे. तो खरा असला तरी आमची अडचण नाही. मानसरोवर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. हार्बर लाइनवरचं स्टेशन. आम्ही कामोठ्याला राहतो. कामोठं नवी मुंबईत मोडतं, पण पत्ता लिहिताना तालुका पनवेल, जिल्हा रायगड असं लिहावं लागतं. त्यामुळे गावाकडच्या नातेवाइकांना आम्ही मुंबईकर वाटतो आणि दादरच्या नातेवाइकांना कोकणातले.

तर त्याचं असं झालं. आमच्या इमारतीला वीस वर्षं होऊन गेली. ओट्याखालच्या भिंतीला ओल आली. आधी ती नकाशातल्या गोव्याएवढी होती, दोन पावसाळ्यांत महाराष्ट्राएवढी झाली. कर्नाटकात शिरायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. कॉन्ट्रॅक्टर आला. त्याने भिंतीवर टकटक केलं, डॉक्टरसारखा चेहरा केला आणि म्हणाला, "पूर्ण किचन काढावं लागेल. पंधरा दिवस, साहेब."

"पंधरा दिवस" या शब्दांचा खरा अर्थ मला कळायला हवा होता. बँकेच्या काउंटरवर बसून गेली बावीस वर्षं मीच तो लोकांना सांगत आलोय. पण माणूस काउंटरच्या पलीकडे गेला की त्याची अक्कल अलीकडे राहते. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बिगाऱ्यांनी ओटा फोडला, सिंक उखडलं आणि टाइल्स पोत्यात भरल्या. स्वयंपाकघराच्या जागी एक खोली उरली.

सौ. म्हणाली, "गॅलरीत शेगडी मांडते. खिचडी तरी होईल."

माझ्यातला उदार पती जागा झाला. मी म्हटलं, "छे! पंधरा दिवस तू आराम कर. आपण बाहेर जेवू." आणि मग जरा खालच्या आवाजात म्हटलं, "स्वस्तात."

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. आमच्या धर्माचा ग्रंथ 1494 साली व्हेनिसमध्ये लुका पॅचिओली नावाच्या एका साधूने छापला. प्रत्येक नावे नोंदीसमोर तितकीच जमा नोंद असलीच पाहिजे, हे त्याने जगाला नीट मांडून दाखवलं. माणूस साधू होता, त्यामुळे त्याला स्वतःच्या जेवणाचा खर्च लिहावा लागत नसावा. मला लागणार होता. मी शंभरपानी वही आणली, वर "बाहेरचे जेवण" असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

याच सुमारास माझ्या मावसभावाचा फोन आला. तो फ्रान्समध्ये लिऑनला असतो आणि योगायोग असा की त्याच्याही घरी किचन फोडलेलं. मला वाटलं, फ्रान्समध्ये बाहेर जेवायचं म्हणजे हा आता कर्ज काढणार. पण तो मजेत होता. म्हणाला, "दुपारी जेवायचं. दुपारी 'आजचं ताट' असतं, ते रात्रीच्या मानाने बरंच स्वस्त पडतं. सकाळी बेकरीतून लांबडा पाव घ्यायचा, बाजारातून चीज, आणि नदीकाठच्या बाकावर बसून खायचं. हॉटेलात बाटलीचं पाणी मागायचं नाही, साध्या पाण्याचा जग मागायचा. पाणी आणि पाव बिलात धरत नाहीत."

त्याने आणखीही ज्ञान दिलं. 1855 च्या सुमारास पॅरिसमध्ये द्युवाल नावाच्या एका खाटकाने कामकरी लोकांसाठी स्वस्त खानावळ काढली. उकडलेलं मांस आणि त्याचं कढण, ठरलेल्या भावात. तशा खानावळींना कढणाच्या फ्रेंच नावावरून 'बुयों' म्हणतात. आणि रेस्टॉरंट हा शब्दही मूळचा जागेचा नव्हेच. थकलेल्या माणसाला ताकद देणाऱ्या कढणाला म्हणायचे तो. म्हणजे ज्याला आपण रेस्टॉरंट रेस्टॉरंट म्हणतो, तो मुळात रस्सा!

हे ऐकून मला फ्रेंचांबद्दल एकदम आपुलकी वाटली. आमच्याकडे नदीकाठ नाही, सायन-पनवेल हायवे आहे. पण रस्सा आहे. आणि तोही जादा मागितला तर बिलात धरत नाहीत.

आमचा दिनक्रम बसला. सकाळी सायकलवरच्या अण्णाची इडली. त्याचा भोंगा वाजला की मी डबा घेऊन खाली. चहा टपरीवर. संध्याकाळी कधी स्टेशनबाहेर वडापाव, कधी गाडीवरची भुर्जी. कामोठ्याचं एक बरं आहे. इथे निम्मी वस्ती सातारा-सांगली-कोल्हापूरची, त्यामुळे तिखटाला तोटा नाही. पोटाची तक्रार असेल तर ती ज्याची त्याने करायची.

पहिल्या रविवारी जरा बरं म्हणून एका उडपी हॉटेलात गेलो. पोऱ्या आला. मी माझं सांगितलं, मुलीने तिचं सांगितलं. पोऱ्याने हिच्याकडे पाहून विचारलं, "ताई, तुम्हाला काय देऊ?"

ही म्हणाली, "यांना काय पाहिजे ते."

"त्यांचं झालं सांगून. तुम्हाला?"

हिने कार्ड उचललं. पुढून वाचलं, मागून वाचलं. पोऱ्याने वजन या पायावरून त्या पायावर टाकलं. मी म्हटलं, "अगं, सांग की काहीतरी." तर ही माझ्याकडे अशी पाहायला लागली, जशी काउंटरवर नवीन फॉर्म दिला की म्हातारी माणसं पाहतात. शेवटी म्हणाली, "साधा डोसा." तोही कार्डावरचा सगळ्यात स्वस्त होता म्हणून.

घरी येताना मुलगी म्हणाली, "बाबा, आईला काय आवडतं?"

मी म्हटलं, "तिला सगळं आवडतं." आणि म्हणताम्हणताच मला कळलं की हे उत्तर म्हणजे कोऱ्या चेकवर मी स्वतःच आकडा घातल्यासारखं आहे.

पंधरा दिवस झाले. ओट्याचा ग्रॅनाइट अजून यायचा होता. तोवर आम्हाला एक खानावळ सापडली होती. तळमजल्यावरच्या एका फ्लॅटच्या पुढच्या खोलीत चार टेबलं आणि बाहेर पाटी, "घरगुती जेवण मिळेल". चालवणाऱ्या मावशी मालवणकडच्या. थाळी 80 रुपये, तीन चपात्या, दोन भाज्या, आमटी, भात. जादा आमटी फुकट. बुधवारी काळ्या वाटाण्याचं सांबार. पहिल्या बुधवारी हिने ते वाढून घेतलं, एक घास खाल्ला आणि गप्प झाली. मग दुसऱ्यांदा मागितलं. तिसऱ्यांदा मागितलं. ही राजापूरकडची आहे हे मला लग्नाच्या पत्रिकेपासून ठाऊक होतं. पण आमच्या घरात एकोणीस वर्षं साताऱ्याचं कालवण शिजत आलं. कधी कुणी ठराव केला नव्हता. आईला ते लागायचं, मला ते लागायचं. हिला काय लागायचं हा विषय अजेंड्यावर आलाच नाही.

एकदा मी मावशींना विचारलं, "मावशी, 80 रुपयांत परवडतं कसं?" मला धंद्याचं कुतूहल असतं. कर्जाच्या अर्जावर आम्ही हेच विचारतो.

मावशी म्हणाल्या, "भाजी धरली, तेल धरलं, गॅस धरला, पोळ्या लाटणाऱ्या बाईचा पगार धरला. माझी मजुरी धरली नाय. ती धरली तर थाळी सव्वाशेवर जाईल. मग तुम्ही येशात काय?"

मी आमटी भुरकली. त्याशिवाय काही सुचेना.

त्या रात्री मात्र झोप येईना. स्वस्त म्हणजे काय, हा प्रश्न मी आजवर भावाच्या पाटीपुरताच सोडवला होता. 26 जानेवारी 2020 ला राज्य सरकारने शिवभोजन थाळी सुरू केली, तेव्हा दोन चपात्या, भाजी, वरण आणि भाताची मूद 10 रुपयांत मिळू लागली. पण शहरात त्या थाळीचा खर्च 50 रुपये धरला होता आणि वरचे 40 सरकारी तिजोरीतून जायचे. हे निदान कागदावर तरी होतं. 1995 साली एक रुपयात झुणका-भाकर निघाली आणि पुढे बंद पडली, तेव्हाही वरचे पैसे कुणाचे, हे लोक विचारू शकत होते. तात्पर्य, स्वस्त जेवण असं काही नसतं. कुणीतरी वरचे पैसे भरत असतं. सरकार भरतं तेव्हा बोर्ड लावतं. मावशी पहाटे साडेचारला उठून भरतात, त्याचा बोर्ड नसतो.

मी बँकेत लागलो तेव्हा निवृत्तीला टेकलेल्या एका साहेबांनी मला गिरणगावची हकीकत सांगितली होती. तिथे एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना बायका महिन्याच्या बोलीवर जेवू घालत. किराणा उधारीवर, उधारीला सावकाराचं व्याज, आणि गळ्यातलं गहाण. या बायकांना बँक दारात उभी करत नव्हती, कारण त्यांचा धंदा काय तर स्वयंपाक! 1969 साली 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. साहेब सांगायचे, "त्या बायकांनी कर्ज फेडलं रे. आपण मात्र चुलीला धंदा म्हणायला इतकी वर्षं लावली." तेव्हा मी मान डोलावली होती. साहेबांसमोर डोलावतात तशी.

किचन अखेर सत्तेचाळिसाव्या दिवशी झालं. ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलच्या ट्रॉल्या, खोल सिंक. मी हॉलमध्ये वही घेऊन बसलो. बाहेरच्या जेवणाची बेरीज आली 31,490 रुपये. घरी एरवी किराणा, भाजी, दूध, गॅस मिळून दिवसाला 400 पडतात. 47 दिवसांचे 18,800. फरक 12,690. मी मोठ्या अभिमानाने हाक मारली, "अगं, ऐकलंस का? दिवसाला फक्त 270 रुपये जास्त गेले."

ही हात पुसत आली. "म्हणजे काय?"

"म्हणजे घरी तू स्वयंपाक करतेस त्याने रोजचे 270 वाचतात."

"आणि बिगाऱ्याला आपण किती दिले?"

"दिवसाला 700."

"म्हणजे मी बिगाऱ्यापेक्षा स्वस्त." ही शांतपणे म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "एकोणीस वर्षांचे किती होतात?"

सवयीने माझा हात कॅल्क्युलेटरवर गेला. 18,72,450. आकडा पाहून मीच दचकलो. एवढी थकबाकी असलेला खातेदार आमच्या शाखेत आला तर मॅनेजर उठून उभे राहतील.

"व्याज सोडून," मी म्हटलं.

"ते का सोडायचं? कर्जदारांचं सोडता का?" मग तिनेच वही जवळ ओढली. "माहेरपणाचे दिवस वजा करा. बाळंतपणाचेही. लीप वर्षाचे दिवस मिळवा. खोटा पैसा नको."

मला आमच्या अर्थशास्त्राच्या सरांची आठवण झाली. पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1920 मध्ये एक गंमत दाखवली होती. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केलं, तर देशाचं उत्पन्न घटतं. कारण ती बाई काम तेच करते, पण पगार थांबतो आणि मोजणीही थांबते. वर्गात आम्ही हसलो होतो. परीक्षेत पाच मार्कांना आला होता, पैकीच्या पैकी मिळाले. 2019 साली आपल्या सरकारने लोकांच्या वेळेची मोजणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी निघाली 299 मिनिटं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस. बायकांची पाच तासांना एक मिनिट कमी पडलं, ते बहुधा चहा गार होईपर्यंत टेकल्याचं असावं.

बँकेत एक उचंत खातं असतं. ज्या रकमेचा धनी कळत नाही, ती तिथे टाकायची आणि नंतर शोधायचं. एकोणीस वर्षं मी ही रक्कम उचंत खात्यात ठेवली होती, आणि धनी समोर पोळ्या वाढत होता.

आता तुम्ही म्हणाल, मग उपाय काय? पैसे द्यायचे? बायकोला पगार सुरू करायचा? मीही तेच विचारलं, जरा भीत भीत. ही हसली. म्हणाली, "त्या दिवशी मावशींची बाई आली नव्हती, आठवतं?"

आठवत होतं. चार टेबलं भरलेली, मावशी एकट्या. ही उठली, आत गेली आणि पंचवीस-तीस चपात्या लाटून आली. निघताना ही तीन थाळ्यांचे पैसे द्यायला लागली, मावशी घेईनात. ही म्हणाली, "चपात्या मी हौसेने लाटल्या." मावशी म्हणाल्या, "मग जेवणही मी हौसेने घातलं." पाच मिनिटं दोघींचं हातघाईचं युद्ध झालं. शेवटी दोन थाळ्यांचे पैसे घेतले, आणि सांबाराचा एक डबा आमच्या पिशवीत आला. हा व्यवहार मी वहीत कसा लिहावा ते मला कळलं नव्हतं. पॅचिओलीलाही कळला नसता. नावे-जमा काहीच जुळत नव्हतं, आणि तरीही दोघी समाधानाने हसत होत्या.

मला वाटतं, चूक माझ्या बेरजेत नव्हती. चूक अशी होती की हिशेब मिटवायचाच असतो असं मी धरून चाललो होतो. आमच्या बँकेत ज्या खात्याचा हिशेब पुरता मिटतो ते खातं बंद होतं आणि तो माणूस पुन्हा दिसत नाही. जे नातं चालू राहायचं, त्यात बाकी राहणारच. लिऑनचा फुकट पाव काय, मावशींची जादा आमटी काय, जिथे माणूस माणसाला जेवू घालतो तिथे थोडं काहीतरी बिलाबाहेर ठेवावंच लागतं. नाहीतर ते नुसतं पोटात इंधन भरणं होतं.

पण म्हणून बाकी विसरायची, असंही नाही. इथेच आम्हा नवऱ्यांनी सोयीस्कर घोटाळा केला आहे. 'प्रेमाचा काय हिशेब' असं म्हणून ज्याचं देणं त्यानेच ते माफ करून टाकलं. कर्जदाराला कर्जमाफी जाहीर करायचा अधिकार जगातल्या कुठल्याच बँकेत नाही.

1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साधं कर्ज तीन वर्षांत मुदतबाह्य होतं. म्हणून आम्ही मुदत संपायच्या आत कर्जदाराकडून एका कागदावर सही घेतो, "वरील बाकी मला मान्य आहे." त्या सहीने पैसे येत नाहीत. पण कर्ज जिवंत राहतं. आपल्याकडे पंगतीतून उठताना "अन्नदाता सुखी भव" म्हणायची रीत होती, ती हीच सही. फक्त ती म्हणताना लोक यजमानाकडे पाहायचे. आत धुरात बसलेल्या बाईच्या नावाने कागद निघालाच नाही. माझ्या हिशेबाने हिची पहिली सोळा वर्षं कायद्याने बुडाली होती. पण 1872 च्या करार कायद्यात एक सोय आहे. मुदत गेलेलं देणंही फेडीन असं ऋणकोने लेखी वचन देऊन सही केली, तर ते उभं राहतं.

मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, "वरील बाकी मान्य आहे, फेडीत राहीन," आणि सही केली. हिने वाचलं. "रेव्हेन्यू स्टँप कुठाय?" म्हणाली. पण वही आत नेऊन नव्या ट्रॉलीत, चमच्यांच्या खणात ठेवली.

दुसऱ्या दिवशी रविवार. नव्या ओट्यावरचा पहिला स्वयंपाक. मी अंघोळ करून ओट्यापाशी उभा राहिलो आणि त्या उडपी पोऱ्याच्या थाटात विचारलं, "ताई, तुम्हाला काय देऊ?"

या वेळी हिने कार्ड मागितलं नाही. ताबडतोब म्हणाली, "काळ्या वाटाण्याचं सांबार."

"सांग, कसं करायचं? मी करतो."

ही माझ्याकडे पाहत राहिली. "वाटाणे आदल्या रात्री भिजत घालावे लागतात. हे काल विचारायचं असतं."

त्या दिवशी आम्ही पिठलं-भात खाल्ला. पिठल्यात गुठळ्या झाल्या होत्या, त्या मीच केल्या होत्या. रात्री झोपण्यापूर्वी मी वाटाणे भिजत घातले. मुदत सकाळपर्यंत होती.